गॅस बंद राहील

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी लिहितो:
मुलं अकरा. लाटणी चार.
ओटा एक, तोही माझ्या कमरेच्या मापाचा.

निहारला रविवारी आठ पूर्ण होतायत
आणि त्याला जादूगार नकोय, टॅटूवाला नकोय.
त्याला हवाय स्वयंपाकाचा वाढदिवस.
आम्हीच करणार, आम्हीच खाणार,
तुम्ही मध्ये मध्ये यायचं नाही, बाबा.

कोपरखैरण्यातलं हे घर,
हॉलमध्ये आठ माणसं आली
की नववं दारातल्या चपलांवर उभं राहतं.
सोफा जिन्यात काढावा लागेल.
म्हणजे आधी तावडेंना सांगावं लागेल,
म्हणजे केक त्यांच्याकडेही पाठवावा लागेल.

बायको नाशिकला, ट्रेनिंगला,
शनिवारी रात्री उशिरा पोचेल.
तोवर राज्य माझं.
मी, ज्याला आलं आणि आंबेहळद
हुंगल्याशिवाय ओळखता येत नाही.

नियम:
सुरी नाही. काकडीला स्टीलची पट्टी,
कंपासमधली, उकळून घेतलेली.
एप्रन म्हणजे माझे जुने शर्ट,
उलटे घालायचे, बटणं पाठीला.
गॅस बंद राहील.
याच्याखाली दोन रेघा.
पोळ्या नुसत्या लाटायच्या,
भाजेन मी, सगळे गेल्यावर.

झोहाला शेंगदाणा चालत नाही.
तिच्या आईने तीनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा आवाज बदलून.
छेडांच्या हितांशला कांदा नको, बटाटा नको.
म्हणजे भेळेत उरले
चुरमुरे, शेव आणि देवाची दया.

रात्री अकराला रंगीत तालीम.
निहार झोपलेला,
त्याचं खेळण्यातलं पोळपाट माझ्यासमोर.
पहिली पोळी चिकटून बसली, रुसल्यासारखी.
दुसरी उचलली तर अर्धीच आली.
मीठ घालतात की नाही कणकेत?
खारीगावला फोन लावला, वैजूताईला.

ती हसली. इतका वेळ हसली
की मागे कुणीतरी टीव्ही बारीक केला.
मग म्हणाली,
माझा असा वाढदिवस रोज असायचा रे.
नववं लागलेलं. पाटावर पाट ठेवला
की पोचायचे मी ओट्याला.
गॅस बंद नसायचा.
तू खेळून यायचास, ताटावर बसायचास
आणि म्हणायचास, आजची कडक झालीय.

हे ती रागाने नाही म्हणाली.
मीठ किती ते सांगावं तसंच म्हणाली:
चिमूटभर. आधी पाण्यात विरघळव,
म्हणजे सगळीकडे सारखं लागतं.

तिच्या डाव्या मनगटावर
एक तपकिरी चंद्रकोर आहे.
राखी बांधताना दरवर्षी
अगदी डोळ्यांसमोर येते.
मला ती जन्मखूण वाटायची.

बिलावर जागा संपलीय.
थकबाकीच्या रकान्याशेजारी समासात
मी आडवं लिहितो: परीक्षक, वैजूताई.
ये म्हटलं. करायचं काही नाही,
चाखायचं आणि मार्क द्यायचे.

विचार केला तिने. खरोखर केला,
फोनमध्ये पंख्याचा आवाज येत राहिला.
म्हणाली, ओट्याजवळ फिरकणार नाही हं मी.
आणि ते प्लास्टिकचं स्टूल नको,
हात टेकायला जागा असलेली खुर्ची हवी.
मुलांचं झाल्यावर तुझी पोळी वाढ मला, गरम.
कडक झाली तर बोलून दाखवणार.

साडेबारा. खालच्या गेटची साखळी वाजली,
वॉचमनची पाळी बदलली असेल.
उद्या मंडपवाल्याकडे जायचं:
स्टुलं अकरा, खुर्ची एक, हातांची.

परातीत पुन्हा पीठ घेतो.
नाही, थांब.
आधी पाणी.
पाण्यात मीठ.